६३९२ फूट: मोनो सरोवराच्या पाणीपातळीची कागदपत्रे

११ एप्रिल १९४० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या जलसंपदा विभागाने लॉस एंजेलिस शहराच्या पाणी आणि वीज खात्याला पाणी उचलण्याचे परवाने दिले. सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पूर्व पायथ्याशी मोनो नावाचे खारे सरोवर आहे. त्याला मिळणाऱ्या पाच ओढ्यांपैकी रश, ली व्हायनिंग, वॉकर आणि पार्कर या चार ओढ्यांचे जवळजवळ सगळे पाणी उचलायची मुभा शहराला मिळाली. वगळला गेला तो एकटा मिल ओढा.

हा निर्णय अजाणतेपणी झालेला नाही. पाणी वळवले तर सरोवराची पातळी खाली जाईल, परिसराची शोभा जाईल, लोकांचे येणेजाणे थांबेल, अशा हरकती रीतसर दाखल झाल्या होत्या. विभागाने त्या खोट्या ठरवल्या नाहीत. राज्याच्या कायद्यात घरगुती वापर हा पाण्याचा सर्वांत वरचा वापर मानलेला आहे, तेव्हा या हरकती फेटाळण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही, असे विभागाने नोंदवले. सरोवराचे नुकसान कागदावर आले, पण ते मोजायचे कोणी आणि कशाच्या बदल्यात सोसायचे, हा प्रश्न मात्र त्या कागदावर नव्हता.

चोपन्न वर्षांनी, २८ सप्टेंबर १९९४ रोजी, याच विभागाची जागा घेतलेल्या राज्य जलनियंत्रण मंडळाने ‘निर्णय १६३१’ दिला. सरोवर समुद्रसपाटीपासून ६३९२ फुटांपर्यंत चढू द्यावे आणि ते चढेपर्यंत शहराने पाण्याला हात आखडता घ्यावा, असा त्याचा मथितार्थ. मीटरमध्ये हा आकडा सुमारे १९४८ होतो. पण मोनोचा सगळा वाद फुटांत झाला, म्हणून इथेही फूटच ठेवले आहेत. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो मोजण्या, साक्षी, जुने नकाशे आणि कायद्याची विसरलेली कलमे यांतून घडला. कोणता कागद कोणी पुढे आणला आणि तो केव्हा ग्राह्य धरला गेला, हाच त्याचा इतिहास.

परवान्यापूर्वीचे सरोवर

मोनोतून बाहेर पडणारी एकही नदी नाही. पाणी येते ते ओढ्यांनी आणि जाते ते वाफ होऊन. क्षार मात्र मागे राहतात, म्हणून पाणी समुद्राहून खारे आणि साबणासारखे अल्कधर्मी. मार्क ट्वेन १८६० च्या दशकात इथे येऊन गेला. ‘रफिंग इट’ या १८७२ च्या पुस्तकात, सरोवरात ओढे येतात, बाहेर काही जात नाही आणि तरी पाणी ना चढते ना उतरते, अशी गंमत त्याने नोंदवली आहे. साहित्य म्हणून हे वाचनीय आहे, पण पुरावा म्हणून टिकत नाही. इस्रायल रसेल या भूवैज्ञानिकाचा मोनो खोऱ्यावरचा अहवाल अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८९ मध्ये छापला. विलर्ड जॉन्सनचा नकाशा सोबत असलेल्या त्या अहवालात डोंगरउतारांवरच्या जुन्या किनाऱ्यांच्या रेषा टिपलेल्या आहेत. एके काळी हे सरोवर आजच्या कितीतरी पट मोठे होते, हे त्या रेषा सांगतात.

विसाव्या शतकातल्या मोजपट्टीच्या नोंदीही पातळी हलती असल्याचेच दाखवतात. १९१९ मध्ये पाणी ६४२८ फुटांवर होते. नोंदींच्या काळातली ही सर्वांत वरची पातळी. १९४१ मध्ये, शहराने पाणी वळवायला सुरुवात केली तेव्हा, ते ६४१७ फुटांवर आले होते. म्हणजे ओढे शाबूत असतानाही बावीस वर्षांत अकरा फुटांचा उतार पडला होता. पुढे स्कॉट स्टाइन या भूगोलतज्ज्ञाने सरोवराच्या पात्रातून उघड्या पडलेल्या झाडांच्या खुंटांचा अभ्यास केला. ते खुंट मध्ययुगातल्या प्रदीर्घ अवर्षणांचे होते. पाणी तेव्हा इतके खाली गेले होते की त्या जागी झाडे उगवून मोठी झाली आणि मग पुन्हा बुडाली.

या नोंदी दुधारी आहेत. पातळी जर पूर्वीपासूनच हलत होती, तर ‘मूळ पातळी’ म्हणून कोणता आकडा धरायचा? ६४२८, ६४१७, की मध्ययुगातला त्याहून खालचा एखादा? जुन्या स्थितीची हुबेहूब पुनर्स्थापना हे ध्येय इथे लागूच पडत नव्हते. कोणत्या पातळीला काय जगते आणि काय मरते, हे मोजावे लागणार होते.

शहराची मोजपट्टी

लॉस एंजेलिसचा पहिला मोठा कालवा १९१३ मध्ये वाहू लागला. त्याने ओवेन्स खोऱ्याचे पाणी शहरात नेले आणि पुढच्या काही वर्षांत ओवेन्स सरोवर कोरडे पडले. मग शहराने आणखी उत्तरेला नजर टाकली. १९३० मध्ये मतदारांनी मोनोपर्यंतच्या विस्तारासाठी कर्जरोखे मंजूर केले. मोनो क्रेटर्सच्या ज्वालामुखी खडकातून अकरा मैलांचा बोगदा १९३४ ते १९३९ या काळात खोदला गेला. १९४० चा परवाना मिळाला तेव्हा बोगदा तयारच होता. अर्ज आणि निर्णय यांचा क्रम पाहताना हा तपशील नजरेआड करून चालत नाही.

पुढचे आकडे १९८३ च्या कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात एकत्र सापडतात. १९४० ते १९७० या काळात शहराने वर्षाला सरासरी ५७,०६७ एकर-फूट पाणी नेले, म्हणजे सुमारे अडीच टीएमसी. सरोवर दर वर्षी सरासरी १.१ फुटाने उतरत गेले. जून १९७० मध्ये पाणी नेण्याची दुसरी वाट पूर्ण झाली आणि पुढच्या दशकात सरासरी ९९,५८० एकर-फुटांवर, म्हणजे सुमारे ४.३ टीएमसीवर गेली. खडकवासला धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या दुपटीहून हे जास्त आहे, आणि ते दर वर्षी. ८५ चौरस मैलांचे सरोवर ऑक्टोबर १९७९ पर्यंत ६०.३ चौरस मैलांवर आले.

त्या महिन्याची पातळी निकालपत्रात ६३७३ फूट दिली आहे आणि ती पूर्वीपेक्षा ४३ फूट खाली असल्याचे म्हटले आहे. बेरीज केली तर सुरुवातीची पातळी ६४१६ येते. इतर कागदपत्रे ६४१७ धरतात. वर्षाच्या कोणत्या महिन्याचे वाचन घेतले, यावरही एखाद्या फुटाचा फरक पडू शकतो. वादाच्या मुळाशी हा फूट नाही. मुद्दा हा की पातळीची मोजमापे ठेवणारे आणि पाणी नेणारे खाते एकच होते. सरोवराच्या घसरणीचा सर्वांत पक्का पुरावा शहराच्याच दप्तरात साठत होता. पण १९४० नंतर त्या दप्तराला जाब विचारणारी जागाच उरली नव्हती. १९७४ मध्ये राज्याने कायमची अनुज्ञापत्रे दिली, तीही नव्याने तपास न करता.

विद्यार्थ्यांचा अहवाल

१९७६ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्ड, डेव्हिस आणि इतर विद्यापीठांतले डझनभर विद्यार्थी मोनोच्या काठी तळ ठोकून राहिले. डेव्हिड विंक्लर यांनी संपादित केलेला त्यांचा अहवाल जून १९७७ मध्ये डेव्हिसच्या पर्यावरण संस्थेने प्रसिद्ध केला. सरोवरात मासे नाहीत. तिथली अन्नसाखळी आखूड आहे: सूक्ष्म शैवाल, त्यावर जगणारी खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी आणि काठावरच्या माश्या, आणि या दोहोंवर जगणारे पक्षी. माशीचे कोश हे इथल्या कुत्झादिका पायुट लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होते. स्थलांतर करणारे ग्रीब आणि फॅलारोप इथे चरून पुढच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवतात. कॅलिफोर्निया गल या कुरव पक्ष्याची राज्यातली जवळपास ९५ टक्के संख्या इथे वीण करते, असे निकालपत्र म्हणते.

साखळी आखूड असली की तिची कडी तुटायला फार काही लागत नाही. पाणी घटले, क्षार तेवढेच राहिले. १९४१ ते १९८२ या काळात खारेपणा सुमारे दुप्पट झाला. त्या पाण्यात कोळंबीची आणि माशीची वाढ मंदावते, कारण शरीरातले क्षार बाहेर टाकण्यातच त्यांची शक्ती खर्च होते. पातळी आणि पक्षी यांना जोडणारा हा दुवा विद्यार्थ्यांच्या अहवालाने आकड्यांत मांडला. १९४० च्या हरकतींत सौंदर्य होते. आता जीवशास्त्र आले. अहवालाच्या गटातले डेव्हिड गेन्स यांनी १९७८ मध्ये मोनो लेक कमिटी स्थापन केली.

१९७९ मध्ये अहवालातला धोका डोळ्यांसमोर आला. पाणी इतके उतरले की नेगिट बेट जमिनीला जोडले गेले. त्या पट्टीवरून कायोटी, म्हणजे तिकडचे लांडग्याच्या जातीचे छोटे शिकारी, बेटावर पोहोचले आणि कुरवांनी वसाहत सोडली. नॅशनल गार्डच्या जवानांनी सुरुंग लावून मधे खंदक पाडायचा प्रयत्न केला होता; तो टिकला नाही. त्याच वर्षाअखेर राज्य आणि केंद्राच्या संयुक्त कृतिगटाने अहवाल दिला: पातळी ६३८८ फुटांवर, म्हणजे १९७० च्या ठिकाणी, परत न्यावी आणि त्यासाठी शहराने वर्षाला फक्त १५,००० एकर-फूट घ्यावे. सरोवरासाठी एक ठरावीक आकडा आता सरकारी अहवालात आला होता. पण तो शिफारशीतला आकडा होता, कोणावरही बंधनकारक नव्हता.

न्यायालयाने काय म्हटले आणि काय म्हटले नाही

मे १९७९ मध्ये नॅशनल ऑडुबॉन सोसायटी, मोनो लेक कमिटी आणि इतरांनी दावा लावला. आधार होता सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व: नद्या, किनारे, नौकानयनयोग्य पाणी हे राज्याकडे लोकांचा विश्वस्त म्हणूनच असते. मूळ रोमन कायद्यातले. अमेरिकेत १८९२ च्या इलिनॉय सेंट्रल खटल्याने रुजलेले. १९७० मध्ये जोसेफ सॅक्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी आपल्या लेखात पर्यावरणाच्या लढाईसाठी नव्याने पुढे आणलेले.

अडचण अशी की शहराने पाणी सरोवरातून नव्हे, ओढ्यांतून उचलले होते, आणि ओढ्यांत नाव चालत नाही. १७ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती ॲलन ब्रुसार्ड यांनी ही गाठ सोडवली. सरोवर नौकानयनयोग्य आहे; त्याला धक्का लागत असेल तर त्याचे पोषण करणारे ओढेही तत्त्वाच्या कक्षेत येतात. राज्याला पाणी वळवू देण्याचा अधिकार आहे, विश्वस्त संपत्तीला काही हानी पोहोचत असली तरीही. मात्र निर्णय घेताना त्या हानीचा विचार करणे आणि शक्य तेवढी ती टाळणे हे त्याचे कर्तव्य. शिवाय एकदा दिलेला परवाना पुन्हा तपासता येतो, कारण विश्वस्त संपत्तीला हानी करण्याचा कायमचा हक्क कोणालाच मिळत नाही. शहराची गरज आणि सरोवराचे जगणे यांचा तोल कोणत्याही जबाबदार यंत्रणेने आजवर केलेलाच नाही, हे निकालाने स्पष्ट नोंदवले.

सरोवर किती पातळीला राखायचे, याचा आकडा या निकालात नाही. शहराच्या तज्ज्ञांचे भाकीत मात्र आहे: असेच चालू राहिले तर ८० ते १०० वर्षांनी सरोवर ६३३० फुटांवर, ३८ चौरस मैलांचे होऊन स्थिरावेल. वादींना ही घसरण याहून वेगाची आणि खोल वाटत होती. न्यायालयाने दोन्ही नोंदवले आणि तोलाचे काम पुढे मंडळाने किंवा न्यायालयांनी करावे म्हणून सोडले. तत्त्व जिंकले, पण पाणी अजून बोगद्यातच जात होते.

कलम ५९४६

पाणी आधी परत आले ते वेगळ्याच कागदावरून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भरपूर बर्फ पडला. कालव्यात मावेना म्हणून शहराला रश ओढ्यात पाणी सोडावे लागले आणि त्यात ट्राउट मासे वाढले. १९८४ मध्ये ओढा पुन्हा बंद करायची वेळ आली तेव्हा मासेमारांनी न्यायालयाकडून थोडा प्रवाह चालू ठेवायचा आदेश मिळवला. मग कॅलिफोर्निया ट्राउट या संस्थेने राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव संहितेतले १९५३ चे एक कलम उघडले. या भागातल्या ओढ्यांवर बांध घालायच्या नव्या परवान्यांत आणि अनुज्ञापत्रांत, धरणाखाली मासे जगतील एवढे पाणी सोडण्याची अट घालावीच लागेल, असे ते म्हणते. १९७४ ची अनुज्ञापत्रे त्यानंतरची. अट मात्र त्यांत नव्हती. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने ती अनुज्ञापत्रे कायद्याशी विसंगत ठरवली.

एकवीस वर्षे जुना कायदा हाताशी असून १९७४ मध्ये त्याकडे दुर्लक्ष झाले होते, हे या प्रकरणातले सर्वांत बोलके तथ्य आहे. १९८९ मध्येच एल डोराडो परगण्याच्या न्यायालयाने अंतरिम मनाई दिली: पातळी ६३७७ फुटांखाली गेली तर पाणी उचलायचे नाही. सरोवरासाठी बंधनकारक झालेला हा पहिला आकडा. तो १९४१ च्या पातळीपेक्षा चाळीस फूट खालचा होता आणि तात्पुरता होता.

आकडा ठरतो

१९९३ आणि १९९४ मध्ये मंडळापुढे चाळीसहून अधिक दिवस सुनावणी झाली. शंभराहून अधिक साक्षीदार आले. ओढे वळवण्यापूर्वी कसे होते हे सांगायला फारसे कोणी उरले नव्हते, म्हणून जुन्या नोंदींना मोल आले. राज्याच्या मत्स्य विभागातले एल्डन व्हेस्टल चाळीसच्या दशकात या भागात काम करत होते. रश ओढ्यात गळाला लागलेल्या माशांची १९४७ ते १९५१ या काळातली मोजणी त्यांनी १९५४ मध्ये छापली होती. दशकांनंतर त्यांची साक्ष आणि ती मोजणी ओढ्याचे जुने रूप ठरवायला उपयोगी पडली. जुन्या हवाई छायाचित्रांवरून स्टाइन यांनी ओढ्यांच्या काठच्या दाट झाडीची आणि अनेक फाट्यांच्या पात्राची मांडणी केली. १९४० मध्ये ज्या निसर्गाला सरकारी दप्तरात जागा नव्हती, त्याची साक्ष आता माशांच्या वह्या आणि विमानातले फोटो देत होते.

पर्यायांची यादी ६३७२ पासून ६४१० फुटांपर्यंत होती. कुरवांच्या बेटांना पाण्याचे कडे हवे, तेवढ्यासाठी ६३९० च्या आसपासची पातळी चालण्यासारखी होती. कोळंबी आणि माशीचेही तिथे भागत होते. दुसऱ्या टोकाला, फार वर गेले तर किनाऱ्यावरचे चुनखडीचे मनोरे पाण्याखाली जातात आणि शहराला मिळणारे पाणीही आणखी घटते. पारडे झुकले ते धुळीने. उघड्या पडलेल्या पात्रातून वारा क्षारांची बारीक धूळ उडवत होता आणि हवेतील कणांचे प्रमाण केंद्राच्या मर्यादेपलीकडे जात होते. त्या भागाच्या हवा प्रदूषण नियंत्रण जिल्ह्याच्या गणितात, मर्यादा पाळायला पात्राचा मोठा भाग बुडलेला असणे आवश्यक होते. म्हणून ६३९२ ची पातळी ठरली. पक्ष्यांसाठी सुरू झालेल्या लढाईचा शेवटचा फूट माणसांच्या फुफ्फुसांनी ठरवला.

निर्णयाची घडण पायऱ्यांची आहे. दर १ एप्रिलला पातळी वाचायची. ती ६३७७ च्या खाली असेल तर निर्यात शून्य. ६३७७ ते ६३८० असेल तर ४,५०० एकर-फूट. ६३८० ते ६३९१ असेल तर १६,०००, म्हणजे सुमारे ०.७ टीएमसी. शिवाय ओढ्यांना किमान प्रवाह आणि पुनरुज्जीवनाची जबाबदारी शहरावर. ६३९२ गाठायला सुमारे वीस वर्षे लागतील, असा अंदाज होता. शहराने या निर्णयावर अपील केले नाही. पाण्याची तूट भरायला राज्य आणि केंद्राचा निधी, पुनर्वापर आणि काटकसर होती. मदर्स ऑफ ईस्ट लॉस एंजेलिस या महिलांच्या संघटनेने घरोघर कमी पाण्याचे संडास बसवण्याचे काम हाती घेतले. कोळंबी आणि फ्लश टाकी यांना जोडणारे हे काम निकालपत्रात कुठे नाही, पण त्याशिवाय निकाल टिकला नसता.

चढणीचे दुखणे

पाणी सोडले की सरोवर बरे होते, इतके हे सोपे नव्हते. १९९५ पासून ओल्या वर्षांत गोडे पाणी वेगाने आले आणि जड, खाऱ्या पाण्यावर थर करून बसले. हिवाळ्यात वरचे आणि खालचे पाणी एकमेकांत मिसळले की तळाचा अमोनिया वर येतो आणि शैवालाला पोसतो. हे मिसळणे काही वर्षे थांबले. शैवाल घटले, कोळंबीचे उत्पादन घटले. २००३ च्या सुमारास थर मोडला आणि साखळी पूर्ववत चालू लागली. पातळी चढवण्याचीही किंमत असते, आणि ती काही वर्षे सोसावी लागते.

वीस वर्षे २०१४ मध्ये संपली. अवर्षणाच्या त्या काळात सरोवर ६३८० च्या आसपास होते. पुढे ते आणखी उतरले आणि २०१७ मध्ये कुरवांच्या बेटांकडे कायोटी जाऊ नयेत म्हणून तात्पुरते विजेचे कुंपण घालावे लागले. २०२३ च्या प्रचंड बर्फवृष्टीनंतर पाणी सुमारे पाच फूट चढले, तरी १ एप्रिल २०२४ ला ते लक्ष्याच्या आठ फूट खालीच होते. १९९४ चा आराखडा ज्या हवामानाच्या जोरावर बांधला होता, ते हवामान आता तसे राहिलेले नाही. आणखी एक गोष्ट आकड्यांतच दडली होती: ६३८० ओलांडताच शहराचा वाटा ४,५०० वरून १६,००० वर उडी घेतो, म्हणजे सरोवर चढू लागले की त्याच्या चढण्याला ब्रेक लागतो. निर्णय १६३१ पुन्हा तपासावा, ही मागणी नेमकी या पायरीवर येऊन थांबते.

मोनोचा निकाल भारतातही आला. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात १३ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी बियास नदीकाठच्या हॉटेलाबाबत निकाल देताना सॅक्स आणि मोनो या दोहोंचा विस्ताराने आधार घेतला आणि सार्वजनिक विश्वस्तता हा या देशाचाही कायदा आहे, असे ठरवले. २००६ मध्ये तिरुपतीजवळच्या अविलाला आणि पेरुरु तलावांच्या प्रकरणातही हेच तत्त्व लागू झाले. तलावाला पाणी आणणारा ओहोळ मोकळा करण्यासारखे आदेश निघाले. या निकालांत मोनोच्या लढाईचा पूर्वार्ध आहे, म्हणजे १९८३ चा. उत्तरार्धात, म्हणजे १९९४ च्या निर्णयात, मात्र मोजपट्टी कुठे, वाचन कोणत्या तारखेला, किती पातळीला किती पाणी उचलायचे, आणि अंदाज चुकला तर फेरसुनावणी केव्हा, या चार गोष्टी लिहिल्या गेल्या. सरोवर वाचवणाऱ्या आदेशात त्या लिहिलेल्या नसतील, तर पुढच्या तज्ज्ञाला मागे जाऊन माशांच्या जुन्या वह्या आणि हवाई फोटो शोधत बसावे लागते.